दरेकशाहून आलेली पुस्तकं

शेवटचे अडीच महिने आई माझ्याकडून इंग्रजी कादंबऱ्या वाचून घेत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं; मराठीही सही करण्यापुरतंच. मी मुलींच्या शाळेत शिकवते. चार वाजता घरी यायचे, हातपाय धुवायचे, तिला चार चमचे पेज पाजायचे आणि तिच्या खाटेशी बसून इंग्रजी पानावरून नजर फिरवत तिला आमच्या बोलीत सांगत जायचे. पोटातल्या गाठीपुढे नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांच्या औषधाने तासभर कळ थांबायची. तो तास कादंबरीचा.

पुस्तकं खेमराज पाठवायचा. गोंदियात आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्या साली, म्हणजे एकेचाळीसमध्ये, तो दरेकशाला जंगलखात्याच्या लाकूड डेपोत कारकून होता. तिथल्या बंगल्यात उतरणारे साहेबलोक आणि त्यांच्या मडमा वाचून झालेली पुस्तकं कपाटात टाकून जात. आईचं दुखणं कळल्यावर त्याने पॅसेंजरच्या गार्डाबरोबर पहिलं पुस्तक पाठवलं. ते पोत्याच्या तुकड्यात शिवलेलं होतं आणि आत चिठ्ठी होती, ‘आईला वाचून दाखव. यात कोणी मरत नाही.’

मी असली पुस्तकं वाचणारी नव्हते. चौदाव्या वर्षी कपाळ पुसून घरी आले आणि तेव्हापासून जे वाचलं ते भारदस्त, शक्यतो दुःखाने संपणारं. त्यात एक प्रकारची सोबत वाटायची. हे पुस्तक निराळं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, घोडागाड्या, नाचाच्या मेजवान्या. एक मुलगी आणि शेजारच्या इस्टेटीवरचा एक तरुण, दोघं लहानपणापासून एकत्र वाढलेली. ती हंसांना भिते, हे त्याला माहीत. त्याला गाता येत नाही, हे तिला माहीत. तीनशे पानं ती दोघं एकमेकांची खोड काढतात. तो तिच्यासाठी नवरा शोधून देतो, ती त्याच्यासाठी बायको शोधते, आणि कुठल्याच स्थळात दोघांचं मन लागत नाही.

दहाव्या पानावर आईने मला थांबवलं.

“शाम, हे दोघं शेवटी एक होतात ना?”

“अजून कुठं वाचलं माय मी?”

“मंग आधी शेवटचं पान पाहून घे. मले धास्ती नको.”

मी पाहिलं. होतात म्हणून सांगितलं. आईने उशीवर डोकं नीट टेकलं. “आता वाच. कितीही भांडू दे.”

त्या दिवशी मला त्या पुस्तकांची गोडी कळली. शेवट ठरलेला असला की मधलं सगळं भांडण लाडाचं होतं. आई त्या मुलीला ‘घोडेवाली’ म्हणायची आणि त्याला नुसतं ‘तो बाजूचा’. घोडेवाली पावसात घोडा दामटत एका मूर्ख सरदाराला भेटायला निघाली तेव्हा आई खाटेवरून ओरडली, “अवो, कुठं चालली? तो बाजूचा तुह्यासाठी छत्री घेऊन दारात उभा आहे ना! हिले दिसत काऊन नाही? आपल्याले पहिल्या पानावर दिसलं!” हसता हसता तिला कळ आली. मी पुस्तक मिटू लागले तर तिने माझं मनगट धरलं. “कळ येऊ दे. तू वाच.”

दुसरं पुस्तक आलं, तिसरं आलं. माणसं बदलली, घोड्याचा रंग बदलला, बाकी तेच; आईने ठेवलेली नावंही तीच. चौथ्या पुस्तकाच्या वेळी, पौषातल्या एका दुपारी, आईने विचारलं, “ह्या पोरी त्या पोरायले दोस्त म्हणतात, तर त्यायच्यात महाप्रसाद बांधत नाहीत का?”

“नाही माय. तिकडे काही बांधत नाहीत. नुसती ओळख असते.”

“नुसती?”

“नुसती.”

ती वरच्या छपराच्या फाट्यांकडे बघत राहिली. मी वाचत होते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की ती ऐकत नाहीये.

हे सांगायला हवं. मी विधवा होऊन घरी आले तेव्हा बाबा होते. ते रेल्वेत पार्सल क्लार्क होते. त्यांनी मला शिकवायला घेतलं आणि खेमराज त्याची जुनी पुस्तकं घेऊन येऊ लागला. ओट्यावर बसून आम्ही भूमितीवरून भांडायचो. वर्षभरात गल्लीत कुजबुज सुरू झाली. आई कोणाशी भांडायला गेली नाही. खेमराजची आई डोंगरगडकडची होती, आणि तिच्याकडे मैत्री बांधायची रीत होती. जगन्नाथपुरीहून आणलेला वाळका भात, म्हणजे महाप्रसाद, दोन मैत्रिणी देवापुढे एकमेकींच्या तोंडात घालतात. त्यानंतर त्या जन्मभर एकमेकींचं नाव घेत नाहीत, ‘महाप्रसाद’ अशीच हाक मारतात. एकीची आई ती दुसरीची फुलदाई. एकीचा भाऊ तो दुसरीचाही भाऊ, सख्ख्याहून पक्का. आईने खेमराजच्या धाकट्या बहिणीशी, चमेलीशी, माझा महाप्रसाद बांधून दिला. मी सोळा वर्षांची होते, चमेली बारा. आठवड्यात गल्ली गप्प झाली. भाऊ बहिणीच्या ओट्यावर आला तर कोण काय बोलणार?

पुढे मी नागपूरला शिक्षिकांच्या नॉर्मल स्कूलमध्ये गेले. खेमराजचं लग्न झालं. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात बाळासकट गेली. त्याने दुसरी केली नाही. बाबा गेले. रक्षाबंधनाला दरवर्षी त्याचं काही ना काही काम निघायचं, आणि मी कधी विचारलं नाही.

“शाम,” आई म्हणाली, “त्या बंगल्याच्या कपाटात आणखी कोणती पुस्तकं आहेत?”

मला माहीत होतं. त्याने एकदा लिहिलं होतं. “शिकारीची आहेत, खुनाची आहेत. पाद्रीबाबांची प्रवचनं आहेत.”

“अन् याच्या हाती नेमकं हेच लागते? चारी वेळा?”

“तुझ्यासाठी निवडत असेल. हसतेस म्हणून.”

“मले इंग्रजी येत नाही, बाई. वाचणारी तू आहेस.”

मी पान उलटलं. उलटायची वेळ झाली नव्हती.

“पाट लागला असता तुझा,” आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “आपल्यात दुसरं लगीन चालते. जात एक, शेजार एक. लोकायच्या तोंडाले मी भ्याली अन् त्याले तुझा भाऊ करून बसली.” मग तिने मान वळवली. असा चेहरा मी तिच्या दुखण्यातही पाहिला नव्हता. “चमेलीले बोलाव. मरायच्या आधी मले हे सोडवून जायचं आहे.”

मी टाळलं. दोन दिवस शाळेचं निमित्त सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने पेज घ्यायचं सोडलं. “ती आली की घेईन,” म्हणाली. मी कामठ्याला, तिच्या सासरी, निरोप धाडला.

चमेली बैलगाडीने आली. सोबत ओल्या हरभऱ्याची जुडी आणि गूळ. आल्या आल्या आईचे पाय चेपत बसली. “फुलदाई, काडी झाली ना वं तू! माझी महाप्रसाद काही खाऊ घालते का नुसतं शिकवते?”

“चमेली, तुले एक मागायचं आहे. नाही म्हणशील तर मी तशीच जाईन.”

“मांग ना.”

“महाप्रसाद सोड. देवापुढे म्हण, सुटला. मंग शाम तुझी कोणी नाही अन् तुझा भाऊ तिचा कोणी नाही.”

चमेलीचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हरभऱ्याची जुडी सोडत होते.

“असा सुटते का फुलदाई कधी?”

“मी बांधला. मीच म्हणून राहिली, सोड.”

“तू बांधला, पण घास माझ्या तोंडात गेला.” चमेलीचा आवाज चढला. “दोन लेकरं मातीत ठेवली मी. तिसऱ्याच्या वेळी ह्याच महाप्रसादाची आण घेऊन जगन्नाथाले नवस बोलली. तो पोरगा आठ वर्षांचा झाला. आता तोडू?”

“पाप माझ्यावर घेते.”

“पाप कोणाच्या घरी जाईल हे आपण ठरवतो का?” ती रडू लागली. “तेव्हा काऊन नाही ऐकलं? घास घेतला त्या दिवशी दादा घरी आला नाही. पांगोली नदीच्या काठी बसून होता, दिवसभर उपाशी. मी येऊन तुले सांगितलं होतं. तू म्हणाली, जा, भातुकली खेळ.”

आई उठू लागली. महिनाभर ती आपल्या बळावर कुशीवर वळली नव्हती. तिने एक पाय खाटेखाली टाकला, दुसरा टाकला आणि मी धरेपर्यंत ती चमेलीच्या पायांवर पडली होती. “पदर पसरते,” म्हणत होती, “पदर पसरते, बाई,” आणि पदर तिच्या हाताला सापडत नव्हता. चमेली किंचाळून मागे सरली. आईने पाय धरावेत, याहून मोठं पाप तिच्या लेखी नव्हतं.

आईला खाटेवर घालून मी बाहेर आले तेव्हा चमेली गाडीच्या चाकाला धरून उभी होती.

“महाप्रसाद, तू मांग,” ती म्हणाली. “फुलदाई नाही, तू. तुझ्या तोंडानं मांग, मी विचार करीन.”

हो म्हटलं असतं तर तिच्या मुलांना उद्या ताप आला तरी तो माझा झाला असता. नाही म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. इतकी वर्षं मी इतकी पुस्तकं वाचली. त्यांतलं एक वाक्य उपयोगी पडलं नाही. गाडी गेली.

त्या संध्याकाळी आईने पेज घेतली. दिलेला शब्द तिने पाळला. मी पुस्तक उघडलं. घोडेवाली शेवटच्या मेजवानीला निघाली होती, तो बाजूचा जिन्याखाली उभा होता, आणि तीस पानं उरली होती.

“राहू दे,” आई म्हणाली. “त्यायचं होतेच.”

नंतर तिने कधी वाचायला सांगितलं नाही. आठ दिवसांनी, शनिवारी, सूर्य वर आल्यावर ती गेली. जाण्याआधी तिने दोनदा विचारलं, “आली का ती?” मी दोनदा नाही म्हणाले. खोटं बोलता आलं असतं. ते मला अजून खातं.

दरेकशाला स्टेशनवरून तार केली. खेमराज दुपारच्या गाडीने आला. चमेलीही आली होती. अंगणात तिरडी बांधून झाली होती आणि मडक्यात गोवऱ्यांचा विस्तव धुमसत होता. प्रश्न होता, मडकं कोणी धरायचं. आईला मुलगा नाही. बाबांचा एक लांबचा चुलतभाऊ, बकाराम, अर्जुनी मोरगावहून आला होता. पण आग दिली की तेरा दिवस अडकून पडावं लागेल, म्हणून तो भिंतीशी उभा राहून बिडी ओढत होता.

गल्लीतले वडीलधारे बिसरामकाका पुढे झाले. “यात विचार कसला? खेमराज आहे ना! महाप्रसादाचा भाऊ म्हणजे घरचाच पोरगा. नशीबवान होती सुशिलाबाई.” सगळ्यांनी माना हलवल्या. काकांनी शिंकाळ्यातलं मडकं उचलून त्याच्यापुढे धरलं. “घे, बापा.”

खेमराजने हात पुढे केले नाहीत.

त्याने ते मडकं घेतलं असतं तर देवापुढचा घास कमी पडला म्हणून की काय, त्याच्या भाऊपणाला आता चितेचीही साक्ष झाली असती.

“मी नाही घेत, काका.”

“काऊन? सुतक आहे का तुले?”

“नाही. मी ह्या घरचा पोरगा नोहो.”

“अरे, महाप्रसाद—”

“तो बहिणीनं खाल्ला. मले कोणी विचारलं नोहोतं.” तो मोठ्याने बोलत नव्हता, पण अंगणभर ऐकू जात होतं. “मी शामकलाचा भाऊ नोहो. काकीले खांदा देईन. आग नाही देणार.”

काकी, म्हणाला. सोळा वर्षांत त्याने आईला फुलदाईखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं.

शेजारच्या निर्मलाबाई पहिल्या बोलल्या. “वेळ तर पाहायची! मेल्या बाईसमोर असं बोलतात का?” कोणी म्हणालं, ह्याच घरचं खाऊन मोठा झाला. कोणी म्हणालं, क्रियेच्या खर्चाला भ्याला. त्या पुस्तकांत असलं वाक्य झुंबराखाली येतं, वादक थांबतात, बायका पंख्याआड तोंड लपवतात. इथे गोवऱ्यांच्या धुराने बिसरामकाकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि एक चांगला माणूस भर अंगणात कृतघ्न ठरत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही मान वर केली नाही.

“आना इकडे,” बकारामने बिडी भिंतीवर विझवली. “किती वेळ ठेवता तिले?”

खेमराज मागच्या डाव्या दांडीखाली गेला. तिरडी उचलली गेली. बायका दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. चमेली माझ्या शेजारी होती. माझा दंड तिने इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

“महाप्रसाद,” ती दातांतून म्हणाली, “माझ्या लेकरायले काही झालं तर मी तुम्हा दोघायले सोडणार नाही.” आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मी रडत नव्हते. आई घराबाहेर निघाली त्या क्षणी माझ्या कानात त्याचं ‘भाऊ नोहो’ होतं आणि मला सुख झालं होतं. किती वेळ, सांगता येणार नाही. मंडळी विहिरीपर्यंत पोहोचली असतील तेवढा. त्या सुखाची मला भीती वाटते आणि लाजही. पण ते झालं. मला धावत जाऊन एकाच माणसाला ते सांगायचं होतं, त्या घोडेवालीसारखं, धापा टाकत. आणि त्या माणसाला चौघे खांद्यावर घेऊन वळणापलीकडे गेले होते.