बडा बागेतलं मखर

रवींद्रकाकांना मी दोनशे चौदा फोटो आणि एकोणतीस मापं पाठवली होती. एक वाक्य पाठवायचं मात्र राहून गेलं.

मापं मी डिसेंबरमध्ये घेतली होती. भूगर्भशास्त्रात एम.एस. संपवून भारतात गेले, तेव्हा दोन दिवस जैसलमेरसाठी काढले. गावाबाहेर बडा बागेत तिथल्या राजघराण्याच्या छत्र्या आहेत. टेकडीवर पिवळ्या दगडाचे कोरीव घुमट, आणि मागे फिरणाऱ्या पवनचक्क्या. मी दगड बघायला गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाही. खांबाला दोन्ही हातांनी धरलं की एका तळव्याला ऊन लागायचं आणि दुसऱ्याला रात्रीची थंडी. सोबत टेप होती, म्हणून सुचेल ते मोजत सुटले.

नेपरव्हिलला परतले तेव्हा शेजारच्या रवींद्रकाकांची बायपास होऊन आठवडा झाला होता. उभा जन्म त्यांनी इलिनॉयमध्ये पूल बांधले, आणि आता सोफ्यावर बसून छताकडे बघायचे. शुभाकाकू स्वतः डॉक्टर. त्या म्हणायच्या, "हार्ट उत्तम चालतंय. माणूसच बंद पडलाय."

मे महिन्यात काकांनी माझे फोटो पाहिले आणि विचारलं, "ऋता, या घुमटाचा व्यास किती?" मग रोज एक मेसेज. खांबाची जाडी? पायऱ्यांची उंची? मला वाटलं, शोकेसमध्ये ठेवायला लहानसं मॉडेल करत असतील.

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं.

"चपला बाहेर काढ," काका म्हणाले.

आत सात फुटांची छत्री उभी होती. प्लायवूड आणि फोम, वरून खरी वाळू चिकटवलेली. जाळी, महिरप, घुमटावरचं कमळ, सगळं होतं.

"बरोब्बर एकास तीन. हवं तर मोज."

मी मोजलं. कुठेही चूक नव्हती. मी टाळ्याच वाजवल्या.

"उद्या मंडळाचा गणपती यात बसणार," काका म्हणाले. "आणि मागे हे बघ."

मागे फोममध्ये कोरलेली शिळा होती. घोड्यावर राजा, शेजारी हात जोडलेल्या चार बायका.

"राजा राण्यांना घेऊन देवदर्शनाला निघालाय. म्हणून बरोबर मूर्तीच्या मागे लावलाय."

मी घड्याळ बघितलं. सव्वातीन वाजले होते. चार वाजता मंडळाचा सुमंत ट्रक घेऊन येणार होता.

"काका, ते दर्शनाला निघालेले नाहीत. बडा बाग म्हणजे राजघराण्याचं स्मशान. राजाला जिथे अग्नी दिला, तिथे त्याची छत्री. ही त्याची स्मृतिशिळा आहे."

"आणि या चौघी?" माझ्या मागून आत आलेल्या काकूंनी विचारलं.

"त्याच्याबरोबर सती गेल्या, असं तिथला गाइड म्हणाला."

काकूंना हसू फुटलं. "बायपास झालेला माणूस तीन महिने गॅरेजमध्ये स्मशान बांधतोय!"

काका हसले नाहीत. रंगाची बादली पालथी घालून तिच्यावर बसले. "सुमंतला फोन कर, शुभा. म्हणावं, जुनं थर्माकोलचंच मखर काढ."

काकांचा चेहरा पुन्हा जानेवारीतला, सोफ्यावरचा झाला होता. काकूंचं हसू तिथेच थांबलं.

"काका, मला एक सांगा," मी म्हणाले. "घुमटामुळे समाधी होते का? शिळा काढली तर उरतं काय? खांब आणि छप्पर."

"समाधीचंच छप्पर ना?"

"त्याच गावात गडीसर तलाव आहे. त्यात अशाच छत्र्या आहेत. लोक तिथे बसून गप्पा मारतात."

"पुरावा?"

मी फोन पुढे केला. काकांनी फोटो मोठा केला, चष्मा वर ढकलला आणि खांब मोजले.

"याचा व्यास काय?"

"हा नाही मोजला."

"मग तिथे गेलीस कशाला?" काका ओरडले आणि उठले. "स्क्रू-ड्रायव्हर दे!"

चार स्क्रू काढले आणि शिळा सुटली. काकूंनी ती टेबलावर ठेवून राण्यांच्या चेहऱ्यांवरची वाळू बोटाने झटकली.

"या चौघींना टाकायचं नाही. गौरीच्या दिवशी आपल्याकडे हळदीकुंकवाला बसवणार मी त्यांना. राजाला कापा."

"घोड्याला नऊ दिवस लागलेत मला!"

"घोडा ठेवा तुम्ही. गॅरेजमध्ये."

काकांनी करवत घेतली, पण कापायला हात उचलेना. शेवटी काकूंनीच कापलं, सर्जनच्या थाटात. तेवढ्यात सुमंत दारात येऊन उभा राहिला.

"यार, काकू, हे काय चाललंय?"

"घटस्फोट," काका म्हणाले. "ये, या बाजूने उचल."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिममध्ये गणपती त्या छत्रीत असा बसला की लोक आधी घुमटाकडे बघत आणि मग नमस्कार करत. मंडळाच्या अध्यक्ष मृणालिनीताईंनी कौतुकाने विचारलं, "काका, डिझाइन कुठलं हो?"

मी काकांकडे बघितलं. राजवाड्याचं म्हणाले असते तरी चाललं असतं.

"राजांच्या समाधीचं," काका ठणठणीत आवाजात म्हणाले. "चूक झाली होती. ऐका, कशी झाली ते."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. शिळा, राण्या, करवत, सगळं. मृणालिनीताई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मागची रांग पुढे सरकून ऐकू लागली. कोणीतरी म्हणालं, "पहिल्यापासून सांगा ना." काकांनी पहिल्यापासून सांगितलं.

"अहो, आरतीची वेळ झाली," काकू म्हणाल्या.

"थांब गं, अजून दगडाचं सांगायचंय," काका म्हणाले आणि गर्दीतून हात घालून त्यांनी मला पुढे ओढलं. "ही सांगेल. सांग, ऋता."

आरती वीस मिनिटं उशिरा झाली.