तळघर, शिलाई मशीन आणि जुनी पांढरी वाइन

माझे साडू काचा बसवायचे. हात इतका सावकाश, की एकदा शाळेची खिडकी बसवायला घेतली, तर काम संपेपर्यंत आतली मुलं पुढच्या इयत्तेत गेली. एका वाइनवाल्याच्या कारखान्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं. तो खूष झाला की पांढऱ्या वाइनची एक पेटी द्यायचा. सगळं जग सांगत होतं, बाबा, पांढरी वाइन लगेच प्यायची असते, मुरवायची नसते. साडूंनी ऐकलं नाही. घराखालच्या तळघरात फळ्या ठोकल्या आणि वीस-पंचवीस वर्षं बाटल्या त्यावर आडव्या निजवल्या. पाहुणे आले की बाजारातली आणायचे. "त्या अजून झोपल्यात," म्हणायचे.

तळघर मात्र गार. मी एकदा दाढी वाढलेली असताना खाली उतरलो आणि गुळगुळीत होऊन वर आलो. थंडीने केसच आत ओढून घेतले होते.

याउलट माळा. तिथे साडूंची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पडदे आणि गाद्यांचे अभ्रे शिवायची. आम्ही तिला ताई म्हणतो. माळ्यावर उभी ठेवलेली मेणबत्ती दुपारपर्यंत आडवी व्हायची. हे मी वाढवून सांगतोय असं वाटलं तर सोडून द्या, पण गेल्या उन्हाळ्यात ताई मशीनवरच चक्कर येऊन पडली, यात माझा एक शब्दही नाही. उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, मशीन तळघरात न्यायचं."

"आणि बाटल्या?"

"त्या केव्हाच मेल्यात. तुम्ही मसणवट्याची राखण करताय."

साडूंना हे लागलं. शेवटी ठरलं की त्यांनी आपल्या पसंतीच्या तीन बाटल्या फोडायच्या. एक जरी पिण्यासारखी निघाली तर तळघर त्यांचं, नाहीतर ताईचं. पंच मी. माझ्यावर दोघांचा सारखाच अविश्वास असल्यामुळे याहून निःपक्षपाती माणूस सापडणं कठीण होतं.

रविवारी सकाळी साडू तीन बाटल्या पाळण्यातून मूल उचलावं तशा वर घेऊन आले. पहिलीचं बूच निघता निघत नव्हतं आणि निघालं ते भुसा होऊन. ताईने मलमलीचा तुकडा काढून दिला, त्यातून गाळली. रंग जुन्या तांब्याचा. मी घोट घेतला आणि माझा डावा डोळा मिटला तो जेवणापर्यंत उघडला नाही.

"शिरका," मी म्हटलं.

"लोणच्याला होईल," माझी बायको म्हणाली. धीर देण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

दुसरीचं बूच सुखरूप निघालं. साडूंनी ग्लास खिडकीशी धरला. वाइन पिवळीधमक, स्वच्छ. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी वास घेतला आणि चेहरा विझला. ग्लास माझ्याकडे सरकवला.

रॉकेलचा वास होता. अगदी स्टोव्ह पेटवायला घेतल्यासारखा. मी काड्यापेटी टेबलावरून खिशात टाकली.

तिसरीला कसलाच वास नव्हता. चव म्हणजे ओली पाटी चाटावी तशी.

"निकाल द्या, भावोजी," ताई म्हणाली.

मी साडूंकडे बघितलं. आयुष्यात इतकं खोटं बोललो, त्या दिवशी नेमकं सुचलं नाही. "तळघर ताईचं," मी म्हटलं.

साडू उठले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. दोघी बहिणी टेप घेऊन खाली उतरल्या. "इथे मशीन, इथे कापायचं टेबल," असे आवाज वर येत होते. मी स्वयंपाकघरात चीजचा तुकडा संपवत बसलो. पंचाला मानधन नव्हतं, मग निदान चीज.

चांगल्या तासाभराने ताई एकटी वर आली. ग्लास धुवायला तिने रॉकेलवाला उचलला आणि मोरीपाशीच थांबली. पुन्हा नाकाशी धरला. मग पाठ माझ्याकडे करून एक घोट घेतला. मग दुसरा. दुसरा घोट कोणी चौकशीसाठी घेत नाही.

वळली तर मी बघतोय.

"तुम्ही काही बघितलं नाहीत, भावोजी."

"छे. मी चीज बघतोय."

"आणि बोललात तरी कोण खरं मानणार आहे?"

"तेही आहेच. कसली लागतेय?"

तिने ग्लास पुन्हा हुंगला. टेप गळ्यातच होता. मग म्हणाली, "मध. भाजलेले बदाम. आणि लिंबाची साल, ताजी. रॉकेल कुठे गेलं देव जाणे."

तिने ग्लास मोरीवर तिरपा केला. मी चावणं थांबवलं. वाइन काठापर्यंत आली. सगळा उन्हाळा त्या काठावर उभा होता, वरचा माळा, ती चक्कर, सगळं. मग तिने ग्लास सरळ केला, स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मी अर्थातच मागोमाग.

"हे घ्या," ती नवऱ्याला म्हणाली.

"राहू दे गं. चेष्टा नको."

"प्या म्हणते ना."

साडूंनी घोट घेतला. बराच वेळ गिळलाच नाही. मग ग्लास उन्हात धरून काच तपासावी तसे बघत राहिले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"'मी म्हणत होतो' असं म्हणालात तर ग्लास परत घेईन," ताई म्हणाली.

ते तोंड मिटलं.

"तळघर तुमचं," ती म्हणाली. "पण झोपवून ठेवायचं बंद. दर रविवारी बाटली फोडायची. जेवढी फळी रिकामी होईल तेवढी माझी."

"सगळ्या पिऊन टाकायच्या?" साडू घाबरून म्हणाले.

"मग काय, त्यांची मुंज करायची?"

तेव्हापासून ताईइतकी पाहुणचाराची हौस मी कुठे पाहिली नाही. टपालवाला आत, दूधवाला आत. गॅसचा मीटर बघायला आलेला माणूस तर आता मीटर बघायचा नसलेल्या दिवशीही येतो. साडू ग्लास अर्धेच भरतात, ताई पाठीमागून येऊन पुरे भरते. काही बाटल्या मेलेल्या निघतात, काही अशा की माणसं बोलायची थांबतात. मशीन खाली आलंय. पायडलचे हादरे उरलेल्या बाटल्यांना लागू नयेत म्हणून साडूंनी स्वतःचं कांबळं चौघडी करून मशीनखाली घातलंय.

गेल्या रविवारी आम्ही गेलो होतो. साडूंनी तळघरातच बूच काढलं, वास घेतला आणि मान हलवली. "ही गेली."

"कुठे जात नाही," ताई मशीनवरून म्हणाली. "ठेवा तिथे उघडी, हवा लागू दे. एवढा पडदा संपवते."

आम्ही फळीला टेकून उभे राहिलो. मशीन सुरू झालं.