शकूची गुलाबी रेकॉर्ड

गुलाबी! माझ्या आईची, शकूबाईची, चाळीस वर्षांपूर्वीची रेकॉर्ड मुंबईच्या एका कंपनीनं नव्यानं काढली, आणि तीही लग्नातल्या सरबतासारखी गुलाबी. आई जन्मभर दुसऱ्यांच्या मागं कोरसमध्ये उभी राहिली. एकटीच्या नावावर एवढी एकच रेकॉर्ड. आमच्या आगरी लग्नातल्या चाली, त्यांना ऑर्गन आणि बोंगोची साथ. तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं तिला. आता म्हणे परदेशातली पोरं विकत घेतात. घेऊ देत बापडी.

आईला त्याचं काही नव्हतं. तिला बाबांचा आवाज ऐकायचा होता.

बाबा, म्हणजे नागू, बोंगो वाजवायचे. शेवटच्या गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी आई घाबरून गप्पच राहिली. तेव्हा बाबा मागून म्हणाले, "घे गं शकू!" आणि तिनं उचललं. परत रेकॉर्डिंग करायला स्टुडिओचा मालक तयार नव्हता, म्हणून ती हाक रेकॉर्डमध्ये तशीच राहिली. मी पाळण्यात होते तेव्हा बाबा गेले. घरातली रेकॉर्ड पुरात गेली. बाबांचा आवाज दुसरा कुठंच नाही. मी तर तो कधी ऐकलेलाच नाही.

पार्सल शेलूला आमच्या घरी आलं, पण वाजवायचं कशावर? ओळखीपाळखीत विचारून थकले. शेवटी माझा मावसभाऊ योगेंद्र म्हणाला, तो काम करतो त्या कळंबच्या रिसॉर्टमध्ये शोभेला प्लेअर ठेवलाय, तो चालतो. "पण सोमवारी या गं जागृती, पाव्हणे नसतात." आई ठेवणीतलं पातळ नेसून रिक्षात बसली. रस्ताभर पिशवी मांडीवर, आणि मी हात लावला की, "सांभाळून गं!"

योगेंद्रनं थेट शेवटचं गाणं लावलं. आई प्लेअरला कान लावून बसली. ऑर्गन वाजला, बोंगो घुमला, आणि तरुण आईनं शेवटचं कडवं खणखणीत सुरू केलं.

मधे काहीच नव्हतं.

"परत लाव रं," आई म्हणाली. परत तेच. ती माझ्याकडं बघायला लागली. "मला कुनी घे म्हनलंच नाय. मग मी गायला लागले कशी?"

मी तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा खूश. "आवाज एकदम स्वच्छ केलाय मॅडम! मधे कुणीतरी बोलत होतं, ते काढून टाकलं."

"कुणीतरी? अरे, बाप होता तो माझा!"

"ओह... सॉरी. जुनी टेप शिल्लक आहे का, बघून सांगतो."

बघून सांगतो! ह्याचा अर्थ मला चांगला कळतो. फोन आपटावासा वाटला, पण हप्ते माझेच चाललेत. मी फणफणत येरझाऱ्या घालायला लागले. कंपनीला शिव्या, त्या मुलाला शिव्या, त्या गुलाबी रंगालाही शिव्या. योगेंद्र बिचारा चहा घ्या म्हणत होता, त्याच्यावरही खेकसले.

आई मात्र तशीच बसून. "आजून एकदा लाव," म्हणाली. "येल, तो येल." आता ही येड्यासारखी दिवसभर वाट बघत बसणार, ह्या विचारानं मी आणखीच भडकले. सुई फिरली. ऑर्गन वाजला. ती जागा जवळ आली आणि आईनं डोळे घट्ट मिटले. मला राहवेना. जन्मात कधी आईला नावानं हाक मारली नाही, पण रागाच्या भरात ओरडलेच,

"घे गं शकू!"

योगेंद्रच्या हातातला कप हिंदकळला. आईनं डोळे उघडले. आता मुस्काटात बसतेय, असं वाटलं मला.

"उशीर केलास," आई म्हणाली. "तुजा बाप जरा आधी म्हनायचा." मग घसा खाकरून पदर सावरला. "परत लाव रं."