नाठाळ की गरीब

चारपट

मावशी आणि भाची एकाच लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट. मावशी मुरलेली, भाची नवी. मोठ्या आतड्यातून काढलेले डाळीएवढे पॉलिप, म्हणजे मांसाचे कोंब, पातळ कापून काचेवर, मायक्रोस्कोपखाली येतात. मावशीने त्यांना दोन नावं दिली आहेत. गरीब कुणाच्या वाटेला जात नाही. नाठाळ काही वर्षांनी कॅन्सरकडे वळू शकतो, म्हणून त्या माणसाला लवकर परत बोलवायचं. ओळख तळाशी: ग्रंथींचे पाय फाकलेले दिसले की नाठाळ.

प्रमुखांची अट: दोघींनी त्याच जुन्या काचा वेगळ्या खोल्यांत पाहायच्या. उत्तरं जुळली तर भाचीला रिपोर्टवर एकटीने सही. नाहीतर आणखी वर्षभर मावशीचं शेपूट.

दहापट

सोप्या काचांवर एकमत. अवघड काचांवर,

मावशी नाठाळ, भाची गरीब.
मावशी नाठाळ, भाची गरीब.
मावशी नाठाळ, भाची

तेच.

"एका घरातल्या ना तुम्ही?" प्रमुख म्हणाले.

"घरात तरी कुठे पटतं," मावशी म्हणाली.

चाळीसपट

दोघींना एकच काच दाखवणारा मायक्रोस्कोप. समोरासमोर दोन खुर्च्या.

"हा तुला गरीब वाटला? तू तर शेजारच्या मांजरावरही संशय घेतेस."

"मला नाठाळच वाटला होता."

"मग?"

"तू गरीब म्हणून सोडून देशील असं वाटलं. म्हणून तुझं उत्तर लिहिलं."

मावशीने भिंगावरून डोळे काढले नाहीत. "आणि मी तुझं."

"माझं का?"

"सही मिळावी म्हणून, बावळट."

दोघी इतक्या हसल्या की काच हलली. मग भाचीच आधी थांबली.

"पण मावशी, खरं लिहिलं असतं तरी जुळलं नसतंच. तू गरीब, मी नाठाळ."

"हं." मावशी काच सरकवत राहिली. "यात तळ आहे कुठे? काप तिरका गेलाय. मी मायेने गरीब म्हणते, तू भीतीने नाठाळ. पाय तर दोघींनीही पाहिले नाहीत."

पुन्हा चारपट

प्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि नव्या काचा दिल्या.

"या वेळी माझा विचार करायचा नाही," मावशी दारात म्हणाली.

"तू केलास तर?"

"मी मोठी आहे. जा."

तासाभराने काप कापणारा टेक्निशियन बाहेर आला. त्याच्या हातात पॉलिप बसवलेल्या मेणाच्या वड्यांचा ट्रे होता.

"दोन्ही खोल्यांतून त्याच वड्यांचे खोल काप मागितलेत. तळ दिसत नाही म्हणे. तुमचं ठरलंय का काही?"

"नाही," दोन खोल्यांतून एकदम आलं.

खोल काप आले. पाय दिसले. एक काच सोडून सगळ्या जुळल्या, आणि त्या एकीवर चूक मावशीची होती.

"हिला सही द्या," ती प्रमुखांना म्हणाली, "आणि माझ्या अवघड काचा हिच्याकडे पाठवत जा."

"मी सोडणार नाही हं काही," भाची म्हणाली.

"माहितेय. मांजराला विचार."