बाबांच्या सातूचा हंडा

चुलीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि रग्नाच्या हातातली पिशवी खाली आली. बर्गन शहरातून ती पहिल्या गाडीने निघाली होती, अंगावरचा कोटसुद्धा अजून उतरवला नव्हता. चुलीवर स्टीलचा एक नवाकोरा हंडा चकाकत होता. दुकानाची चिठ्ठीही त्याच्या अंगावरून निघाली नव्हती.

"तांब्याचा कुठाय?"

हाल्डोर, तिचा धाकटा भाऊ, लाकडी टबातले भिजवलेले सातू ढवळत होता. जुनिपर नावाच्या काटेरी झुडपाच्या फांद्यांचा आणि धुराचा वास खोलीभर भरला होता. त्याने मान वर केली नाही. "आधी कॉफी तरी घे."

"हाल्डोर, हंडा कुठाय?"

"गावातल्या हॉटेलला दिला. बाबा अंथरुणाला खिळल्यावर. पडून पडून हिरवा झाला होता. कोण करणार होतं बियर?"

"बाबांना सांगितलं होतंस?"

हाल्डोर ढवळत राहिला.

बाबांना शुक्रवारी पुरायचं होतं. या खोऱ्यात माणूस गेला की त्याच्या घरची बियर पिऊनच लोक त्याला निरोप देतात, आणि ती काळसर, दाट, दुसऱ्या पेल्यालाच जीभ जड करणारी असावी लागते. पातळ बियर वाटली तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत. लवकर उठून जातात. हे सातू बाबांनी स्वतः पेरले होते, स्वतः मोड आणून धुरावर वाळवले होते. ‘हे पोतं माझ्या वेळचं,’ असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. दुसरं पोतं नव्हतं आणि आता कधी होणारही नव्हतं.

"आणि हा केवढा आणलास?"

"पिंपाएवढा. पिंप मापून गेलो होतो," हाल्डोर जरा उमेदीने म्हणाला. "पिंपभर बियर, तर पिंपाएवढा हंडा."

रग्ना त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे गाढवा! बाबा दिवसभर चुलीपुढे बसायचे ते काय शेकायला? अर्धं आटतं ते! पिंपभर हवी तर हंडा दुप्पट लागतो, वर उतू जायला जागा वेगळी. जन्मभर डोळे मिटून ढवळत होतास का?"

"तो हंडा कायम इथेच असायचा ना! तो केवढा आहे हे बघायची वेळ कुणावर आली होती?"

हे खरंच होतं. आजोबांच्याही आधीपासून त्या घरात कुणी हंडा निवडला नव्हता. पण खरं होतं म्हणून रग्नाचा राग आणखीच भडकला. सातू भिजले होते. आज त्यांचा रस काढून उकळला नाही तर ते आंबून जाणार होते.

"गाडी काढ," ती म्हणाली.

हॉटेलच्या दारातच हंडा उभा होता. काठोकाठ माती, वर तांबड्या जिरेनियमची रोपं. रग्नाने कुणालाही न विचारता मुळांसकट रोपं उपटायला सुरुवात केली. हॉटेलवाली धावत बाहेर आली.

"अहो बाई, हे काय चाललंय?"

"माझ्या बापाचा हंडा नेतेय."

"हाल्डोरनेच दिला होता हो..."

"त्याच्याशी बोला. तो फुलं उचलेल."

हाल्डोर खरंच फुलं उचलायला लागला. रग्नाने खांदा लावून हंडा आडवा केला आणि माती पायरीवर ओतली. तळातून उजेड आला. बोट जाईल एवढी भोकं, ओळीने पाडलेली.

"पाणी साचायचं," हॉटेलवाली हळूच म्हणाली. "मुळं कुजायला लागली होती."

रग्नाने एका भोकात बोट घालून पाहिलं. काठ अजून धारदार होता. मग ती उठली आणि हात न झटकता गाडीत जाऊन बसली. तिच्या नखांत हॉटेलची माती होती आणि वाटभर ती तीच नखं कुरतडत होती.

घरी येताच हाल्डोरने तोंड उघडलं. "थोडी पातळ झाली तर चालेल गं. पिंप तर भरेल. मी सगळ्या खोऱ्याला बोलावलंय."

"बाबांच्या नावाने पाणी वाटायचंय तुला?"

"मग काय, अर्ध्या लोकांना परत पाठवू?"

"हो! अर्ध्या लोकांना परत पाठव. बियर अर्धीच होईल, पण बाबांची होईल."

तिने कोट काढून खुंटीला अडकवला. टबाच्या तळातून निघालेला पहिला दाट, गोड रस तेवढा नव्या हंड्यात घेतला. सातूंवर दुसऱ्यांदा पाणी ओतायला हाल्डोर बादली घेऊन आला, तेव्हा तिने ती त्याच्या हातातून हिसकावली. "हे सातू आता गाईंना!"

दिवसभर चूल धडधडत होती. रस सोनेरी होता तो तांबूस झाला, मग काळा. कडेला जमलेली रेघ उतरत उतरत हंड्याच्या निम्म्यावर आली. हाल्डोरने चव घेतली आणि पळी तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही.

रस पिंपात ओतला. तो अंगाएवढा कोमट झाल्यावर हाल्डोरने बाबांची गवताची कडी काढली. तिच्यावर बियर आंबवायचं जुनं विरजण वाळून चिकटलं होतं. ते रसात सोडताना घरच्या पुरुषाने ओरडायचं असतं, जेवढं मोठ्याने तेवढी बियर कडक.

हाल्डोरने घसा साफ केला. "हो-ओ..."

"रस्त्यावरची बस थांबवतोयस का?" रग्नाने कडी त्याच्या हातातून घेतली. लहानपणापासून तिने या खोलीत पाणी वाहिलं होतं. ओरडायला कुणी सांगितलं नव्हतं. तिने कडी सोडली आणि ओरडली. हंड्यासाठी, भोकांसाठी, बाबांना न सांगितल्यासाठी. श्वास संपला तसा पुन्हा भरून घेतला आणि पुन्हा ओरडली. कुत्रा बाकाखाली शिरला. तळ्यापलीकडच्या घराचं दार उघडलं, कुणीतरी दिवा घेऊन बाहेर आलं.

हाल्डोर भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे भरले होते. "रग्ना..." त्याने सुरुवात केली.

"रडू नंतर," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. पिंपावर झाकण ठेवलं आणि खुंटीवरच्या त्याच्या कोटातून फोन काढून त्याच्या हातात दिला. "लाव एकेकाला. निम्म्यांना येऊ नका म्हणून सांग. सुरुवात हॉटेलवालीपासून कर."