उणे वीस किलो

"पोट आत ओढू नका," बायको म्हणाली. "इतकी वर्षं कधी ओढलं नाहीत, ते आज कशाला?"

पैलवान स्वयंपाकघरात आपल्या खुर्चीत सदरा छातीपर्यंत वर धरून बसला होता. बायकोने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने बेंबीपासून चार बोटं सोडून कातडी पुसली, पेनासारखं दिसणारं ते इंजेक्शन टेकवलं आणि दाबलं. टक्‌ असा आवाज झाला. मग ती मोठ्याने आकडे मोजायला लागली, शाळेतल्या बाईंसारखी.

"दहा. झालं."

"झालं? मला वाटलं अजून टोचायचंय."

"एवढ्या गादीतून तुम्हाला कळणार तरी कसं?"

पैलवान हे काही त्याचं खरं नाव नव्हे, आणि आखाडा त्याने लांबूनही पाहिलेला नव्हता. शहराबाहेर खडी-वाळूचे ट्रक जिथे तोलतात त्या काट्यावर तो काटेवाला होता. केबिनच्या तीन पायऱ्या चढून वर जाईपर्यंत त्याला जो दम लागायचा, तो पाहून ट्रकवाल्यांनी हे नाव पाडलं होतं. घरातली त्याची खुर्चीसुद्धा सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली होती, पायांना लोखंडी पट्ट्या मारलेली. बाजूचं स्टूल फक्त बायकोचं. त्याला स्टुलाकडे नुसतं बघायचीही परवानगी नव्हती, कारण आधीची दोन त्याने मोडली होती.

चेष्टेचं सोडा, पण झोपेत त्याचा श्वास अडकायचा. घोरणं मध्येच थांबायचं आणि बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. बायको त्याच्या छातीवर तळहात ठेवून जागी राहायची. कित्येक वर्षं तिला सलग झोप नव्हती. शेवटी तिनेच त्याला दवाखान्यात नेऊन उभं केलं होतं.

तिथल्या नर्सबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. सुरुवातीला लहान डोस, मग दर महिन्याला बेताबेताने वाढवायचा. "पोट ढवळेल. थोडं थोडं खा, सावकाश खा. भरलं असं वाटलं की थांबा, ताटात उरलं तरी. पाणी पीत राहा. आणि पोटात फार दुखायला लागलं, थांबेनाच, तर लगेच फोन. अंगावर काढायचं नाही."

"आणि भूक?" पैलवानाने विचारलं होतं.

"ती जाईल."

"कुठे?"

नर्सबाई लिहिता लिहिता थांबल्या होत्या. "हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं. जाईल कुठेतरी. तुम्ही मागून हाका मारू नका म्हणजे झालं."

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. मग ढेकर सुरू झाले, आणि ते असे की बायकोने खिडकी उघडली आणि समोरच्या बाईने आपली लावून घेतली. ते ओसरले तेव्हा पैलवानाच्या लक्षात आलं, की भूक गेली आहे. कमी झाली असं नव्हे. गेली. लहानपणापासून ती त्याच्या आधी उठायची, डब्यात काय आहे याची दिवसभर कुजबुज करायची, जेवताना रात्रीच्या जेवणाचं बोलायची. आता शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बंद करावा तसं झालं होतं. रेडिओ चालू होता हेच आजवर त्याला माहीत नव्हतं.

अडचण झाली ती टेबलावर. बायको लाँड्रीत कपडे घेण्याच्या खिडकीवर बसायची, आणि कुणाच्या खिशात काय सापडलं याच्या गोष्टी ती संध्याकाळसाठी राखून ठेवायची. पैलवान तासभर जेवायचा. ती वाढायची आणि सांगायची, सांगायची आणि वाढायची. एवढ्या वर्षांचा त्यांचा संसार म्हणजे तो तास होता म्हटलं तरी चालेल. आता चार घासांत त्याचं आटपायचं.

"मग काय झालं त्या कोटवाल्याचं?" तो उठता उठता विचारायचा.

"बसा, म्हणजे सांगते."

"बसवत नाही गं. वासानेच ढवळतं."

ती पातेल्यावर झाकण ठेवायची. कोटवाल्याचं काय झालं ते राहूनच जायचं.

काही आठवड्यांनी एका सकाळी पैलवानाने केबिन उघडली, तर मोकळ्या काट्यावर आकडा होता. दहा.

आता ट्रकचा काटा म्हणजे काही सोनाराचा नव्हे. दहा किलोच्या खालचं त्याला कळतच नाही. पण दहा दिसतात याचा अर्थ दहा आहेत. पैलवानाला पहिला संशय आला तो माणसाचा. रिकामा ट्रक तोलताना क्लीनर गुपचूप मागच्या चाकाआड उभा राहतो, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन जास्त लागतं आणि पुढे मालाचं कमी भरतं. ही लबाडी पकडण्यात पैलवानाची हयात गेली होती. पण इथे लपायला ट्रकच नव्हता. त्याने उतरून, ट्रक ज्यावर उभे राहतात त्या लोखंडी पत्र्याभोवती फेरी मारली, फटीतली खडी झाडून काढली, खाली वाकून बघितलं. वाकता आलं याचं त्याला जरा कौतुकही वाटलं. आकडा मात्र हलला नाही. मागे ट्रक खोळंबले होते. मग कुठल्याही काटेवाल्याने केलं असतं तेच त्याने केलं. शून्याचं बटण दाबलं. दहाचं शून्य झालं, काम सुरू झालं.

"पैलवान, वाळलात की!" एक म्हातारा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला. "काटा खाऊन टाकलात की काट्याने तुम्हाला?"

पुढे काही आठवडे गेले आणि मोकळ्या काट्यावर पुन्हा दहा दिसले. पुन्हा त्याने झाडलं, वाकला, बटण दाबलं. त्याच दिवशी दवाखान्यात वजन केलं तेव्हा नर्सबाई खूश होऊन म्हणाल्या, "एकूण वीस उतरले हो तुमचे."

दहा आणि दहा, पैलवानाने मनात बेरीज केली.

दुसऱ्या दिवशी केबिनच्या खिडकीतून तो मोकळ्या पत्र्याकडे पाहत राहिला. ऊन होतं, धूळ होती. कुणी नव्हतं. तरी ट्रक चढताना त्याला वाटायचं, बाजूला हो म्हणावं. आणि शून्याचं बटण दिसलं की वाटायचं, भर चौकात आपण घरच्या माणसाला ओळख दाखवली नाही.

घरी त्याने हे गंमत म्हणून सांगितलं. बायको हसेल असं त्याला वाटलं होतं. ती पाव कापत होती, ती थांबली.

"दिवसभर उभा असतो?"

"कोण असतो? काटा बिघडलाय."

"उन्हात?"

"अगं, तिथे कुणी नाही."

"खातो काय तो?" ती म्हणाली. "तुमची भूक त्याच्याकडेच असणार ना."

पैलवान हसला. ती हसली नाही. तिने कापलेल्या पावाकडे पाहिलं. नेहमीच्या सवयीने तिने तो सगळाच कापून ठेवला होता.

दोन दिवसांनी दुपारी ती काट्यावर आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच येत होती. हातात पैलवानाचा जुना चार खणांचा डबा होता, जो आता माळ्यावर पडून असायचा. त्याला वाटलं, ती केबिनकडे येईल. ती आली नाही. पत्र्याच्या कडेशी थांबली. पत्र्यावर उगाच कुणी पाय ठेवायचा नाही, हा नियम तिला त्याच्याच तोंडून पाठ होता. ती कडेला उभी राहून मोकळ्या जागेकडे पाहत काहीतरी बोलली. ट्रकांच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. मग ती वळली आणि आल्या रस्त्याने निघाली.

ती भरभर चालणारी बाई. पण आता सावकाश चालत होती, मध्येच थांबत होती, कुणाला तरी दम खाऊ द्यावा तशी. डबा तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळा झालेला हात जरासा बाजूला धरला.

पैलवानाने आकड्याकडे पाहिलं. मोकळ्या काट्यावर लिहून आलं होतं: उणे वीस.

त्याने ज्याला शून्य धरलं होतं, ते निघून गेलं होतं.

मागून भोंगे वाजायला लागले. हिशेब चुकून चालणार नव्हतं. प्रत्येक ट्रक वीस किलोने हलका भरला असता. पैलवानाने बोट बटणावर ठेवलं, रस्त्याच्या वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत तसंच धरलं, आणि मग दाबलं.

त्या दिवसापासून काटा कधी बिघडला नाही.

पैलवानही सुधारत गेला. डोस वाढले, पट्ट्याला नवी भोकं पडली, तीन पायऱ्या तो एका दमात चढायला लागला. श्वास अडकायचा थांबला. बायकोला झोप लागायला लागली, गाढ. चेहऱ्यावर तिच्या तजेला आला. आणि बाजारातून ती पूर्वीइतकंच सामान आणायची. तेवढंच शिजवायची. पातेली तेवढीच रिकामी व्हायची. पैलवान त्याबद्दल काही विचारत नसे. कुणी विचारावं?

एका संध्याकाळी त्याला यायला उशीर झाला. जिना चढताना आतून बायकोचं हसणं ऐकू आलं. किती दिवसांनी.

"...आणि अस्तरात काय निघावं? त्याच्या सासूची कवळी!" ती सांगत होती. "तोच तो कोटवाला. घ्या ना, बटाटे घ्या अजून."

तो आत गेला. टेबलाशी ती एकटीच होती. समोर त्याची खुर्ची थोडी मागे सरकवलेली, पुढ्यात भरलेली थाळी.

"आलात?" ती म्हणाली. "हात धुवा."

हात धुऊन तो खुर्चीकडे वळला. पाठीला हात लावून त्याने ती ओढून पाहिली. हलली नाही. सुताराने केली होती तेव्हा ती रिकामी असताना तो एका हाताने उचलायचा.

"तिथे नको," बायको हळूच म्हणाली. "स्टूल घ्या की."

तो स्टुलावर बसला. स्टूल करकरलं नाही. तिने त्याला दोन चमचे वाढलं, जपून, आजाऱ्याला वाढावं तसं. मग समोर वाढलं, डावाने, एकदा आणि पुन्हा एकदा. पैलवानाने आपल्या बशीकडे पाहून दोन घास खाल्ले. मान वर केली तेव्हा समोरची थाळी निम्मी झाली होती.

"पोट भरलं?" तिने विचारलं.

"भरलं," पैलवान म्हणाला.

मग त्याला दिसलं, की ती खुर्चीकडे बघून विचारत होती.

ती उठली, फ्रिज उघडला आणि इंजेक्शन घेऊन आली. आज टोचायचा वार होता. एकदाही ती विसरली नव्हती.

"या आठवड्यात राहू दे का?" तो म्हणाला.

"का? परत श्वास अडकायला हवाय?"

"नाही. पण भूक परत आली तर तुझ्याबरोबर बसता येईल. मला ऐकायचंय ते कोटवाल्याचं."

तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. गाल आत गेले होते, हाडाला हात लागत होता.

"आणि मग हे कुठे जातील?" ती म्हणाली.

खुर्चीतून आवाज आला नाही. खाणंही थांबलं होतं बहुतेक. थाळीतला चमचा तिरपा होऊन काठावर थांबला होता, कुणीतरी कान देऊन ऐकत असल्यासारखा.

पैलवानाने स्वतःच सदरा वर केला. बायकोने जागा पुसली, पेन टेकवलं, दाबलं आणि मोठ्याने मोजायला लागली. या वेळी पोटात त्याला चांगलंच टोचलं. तो तिच्या मोकळ्या हाताकडे पाहत राहिला. तो हात खुर्चीच्या पाठीवर, थोडा वर, हवेत टेकला होता, जिथे माणसाचा खांदा येतो तिथे.

"दहा," ती म्हणाली. "झालं."

लोखंडी पट्ट्या मारलेली खुर्ची करकरली.