वरपक्ष बरोबर वधूपक्ष अधिक एक

जानेफळला भगवंतरावांच्या लॉनवर सर्व्हर आला, तेव्हा कामगारांना वाटलं नव्या तऱ्हेचा फ्रिज आलाय. तो दिसायलाही तसाच होता. बुटका, काळा, आणि सतत गार हवेत बसायचा हट्ट धरणारा. भांडारघरात तेलाचे डबे आणि गाद्यांची चळत यांच्यामध्ये त्याला जागा दिली होती, समोर त्याचा स्वतःचा कूलर होता. "नवरदेवापेक्षा याचाच थाट जास्त," असं भगवंतराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

तो बसवला होता प्राचीने. संगणकशास्त्रात एम.एस्सी. करून ती नुकतीच गावी परतली होती. भगवंतरावांनी तिला तीन लग्नं चाचणीसाठी दिली होती. दोन बरी गेली. तिसरं आज होतं. नवरी करिष्मा जानेफळचीच, नवरा शिवम सुलतानपूरचा. आजचं लग्न नीट पार पडलं तर सर्व्हरही कायम आणि प्राचीही. नाहीतर दोघांनी संध्याकाळपर्यंत लॉन सोडायचं, असं ठरलं होतं.

लॉनची सगळी मांडणी एका फाइलमध्ये होती. डब्यात डबा, त्या डब्यात आणखी डबा, असं त्या फाइलचं रूप. सर्वांत बाहेर लॉन. त्यात दोन पक्ष. प्रत्येक पक्षात एक उतरायची खोली आणि एक पंगत. खोलीत कूलर, पंगतीत जिलेबी. अगदी आतल्या डब्यात कुठे साधा आकडा असे, तर कुठे आकड्याच्या जागी नियम. पाण्याच्या मोटारीपुढे वेळ लिहिलेली नव्हती, 'टाकी अर्धी झाली की' असं लिहिलं होतं. सर्व्हर दर मिनिटाला फाइल वरून खाली वाची, नियम सोडवी आणि निघेल तो आकडा ज्याचा त्याला पाठवी. कूलरला तो तारेतून जाई, स्वयंपाकघरात भिंतीवरच्या पडद्यावर उमटे. प्राचीला या नियमांचा फार अभिमान होता. नुसते आकडे कोणीही भरतं, असं तिचं मत होतं.

चार दिवसांपूर्वी नवरदेवाचे वडील उत्तमराव लॉन बघायला आले होते. खुर्चीत बसता बसताच ते म्हणाले, "आमी वरपक्ष हाओत भाऊ. मुलीवाल्याईले जे देसान, त्याच्यापेक्षा आमाले एक जास्त पायजे. बाकी आपलं काईच मांगणं नाई."

"हाव," भगवंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवरीचे वडील इंद्रभान आले. "माही पोरगी एम.ए. हाये. नवरदेवाच्या लोकाईले जे भेटन, तेच आमच्या लोकाईले भेटलं पायजे. रत्तीभर कमी नाई चालणार."

"हाव," भगवंतराव म्हणाले.

बावीस वर्षं भगवंतराव दोन्हीकडे हाव, म्हणजे हो, म्हणत आले होते आणि सगळ्यांना दोन-दोन जिलेब्या वाढत आले होते. त्यांच्या 'हाव'चा अर्थ 'चहा घ्या आणि निघा' एवढाच असे. पण या खेपेला बाजूला प्राची वही घेऊन बसली होती. तिने दोन्ही हाव जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवले. वधूपक्ष: वरपक्षाइतकं. वरपक्ष: वधूपक्षापेक्षा एक जास्त. सुरुवातीचा आकडा, कूलर आणि जिलेबी दोन्हींना: दोन. दोन्ही नियम तिने एकेक करून तपासले. दोन्ही चोख निघाले. एकत्र मात्र तपासले नाहीत.

लग्नाच्या दिवशी अकरा चाळीसला तिने सर्व्हर सुरू केला.

अकरा पन्नासला उत्तमराव भांडारघराच्या दारात उभे राहिले. डोक्यावरचा फेटा हातात आला होता आणि त्याचं एक टोक मागे अंगणात लोळत होतं.

"काऊन वो मॅडम, हे कूलर हाये का वावटळ? दोनदा फेटा उडाला माहा. एकदा तं व्याह्याच्या खोलीत जाऊन पडला!"

प्राचीने संगणकात पाहिलं. कूलरला वेगाचे पाच टप्पे होते. सर्व्हर त्याला तेरावा टप्पा लाव म्हणत होता. बिचाऱ्या कूलरला पाचाच्या पुढे काही येत नव्हतं, म्हणून तो पाचावरच जिवाच्या आकांताने फिरत होता. तेरा कुठून आला, असा विचार करतानाच तिला आठवलं की जिलेबीला टप्पे नसतात. ती स्वयंपाकघराकडे धावत सुटली.

तिथे मंजुळाबाई तीन कढयांच्या मध्ये उभ्या होत्या. जानेफळच्या पंचक्रोशीत मोठा स्वयंपाक म्हटला की त्याच. पडद्यावर लिहिलं होतं: 'जिलेबी, प्रत्येकी. वधूपक्ष १४. वरपक्ष १५.' पराती भरल्या होत्या. टोपली भरली होती. आता दोन बाया रुखवतातली पितळी भांडी उचलून आणत होत्या.

"मावशी, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"जिलेबी," मंजुळाबाई म्हणाल्या. "तूच तं सांगतलं ना पोरी, पडद्यावर जे येईन ते करजा, मले इचारू नका. मंग म्या नाई इचारलं."

"पण पंधरा जिलेब्या कोण खाते?"

"सुलतानपूरचे लोक असतीन खात, मले वाटलं. सकाळपासून बावीसशे झाल्या. थांब थांब, हे पाय, सोळा झाले!"

प्राची पडद्याकडे बघत राहिली. दर मिनिटाला वधूपक्ष वरपक्षाकडे बघून त्याच्याइतका होत होता. लगेच वरपक्ष वधूपक्षाकडे बघून एकाने मोठा होत होता. थांबायला कुठेच जागा नव्हती. क्षणभर तिला हे फार सुंदर वाटलं. मग तिने हिशेब केला. दीड वाजता पंगत बसेल तेव्हा वधूपक्षाला माणशी एकशे बारा जिलेब्या होतील, आणि पाहुणे चारशे होते. सुंदर वाटायचं तिथेच थांबलं.

"मावशी, कढया उतरवा!" असं ओरडून ती परत भांडारघरात पळाली आणि तिने दोन्ही नियम थांबवले. तोवर उत्तमराव तिथेच, फेट्याची घडी घालत बसले होते. व्याही आत गेले म्हणजे आत काहीतरी ठरत असणार, या संशयाने इंद्रभानही येऊन पोचले होते. त्यांच्यामागून भगवंतराव.

"काका," प्राची म्हणाली, "मले फक्त एक आकडा सांगा. माणशी जिलेब्या किती? कोणीही सांगा."

"पहिले त्याईले इचार," उत्तमराव म्हणाले. "त्याईचा ठरला का आमचा एक जास्त."

"मी काऊन सांगू पहिले?" इंद्रभान म्हणाले. "त्याईचा येऊ दे. तेवढाच आमचा."

"बरं, मीच सांगते. वरपक्षाले तीन."

"मंग आमालेही तीन."

"मंग आमचे चार."

"हाव," भगवंतराव म्हणाले.

"चार तं चार. आमचेही चार."

"पाच!"

"हाव," भगवंतराव म्हणाले.

इंद्रभान नवावर पोचले तेव्हा प्राचीने घड्याळ पाहिलं. सर्व्हरला तीनवरून नऊवर जायला सहा मिनिटं लागली होती. या दोघांनी ते अर्ध्या मिनिटात उरकलं होतं. म्हणजे चूक फाइलमध्ये नव्हतीच. फाइल म्हणजे या दोघांची हुबेहूब नक्कल होती, आणि सगळा घोटाळा त्यातच होता.

भगवंतराव तिच्या कानाशी वाकले. "पोरी, बंद करून टाक तो डबा. मी पाहतो आपलं पहिल्यासारखं. संध्याकाळी बापाले गाडी घेऊन बोलव, सामान नेऊन टाक."

प्राचीला आकडा हवा होता, पण तो दोन्ही डब्यांच्या बाहेरून यायला हवा होता. कोणाकडेही न बघणारा आकडा. तिने विचारलं, "काका, लग्न लागल्यावर नवरानवरी कोणत्या पक्षाचे?"

"सून आमची झाली ना," उत्तमराव म्हणाले.

"आन् जावई आमचा," इंद्रभान म्हणाले.

"आन् जेवतीन एकाच ताटात?"

"हाव," दोघे एकदम म्हणाले. त्या दिवसात दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"मंग त्याईच्या ताटात जेवढ्या जिलेब्या, तेवढ्या सगळ्याईले. नवरानवरीपेक्षा ज्याले जास्त पायजे असतीन, त्यानं आताच सांगावं. मी नाव लिहून घेते."

आपल्या पोरापेक्षा जास्त खायचंय, असं चारचौघांत म्हणायला उत्तमराव तयार नव्हते. लेकीच्या ताटापेक्षा जड पान मागणं इंद्रभानांना शोभलं नसतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कोणीच एक जास्त म्हटलं नाही.

प्राचीने दोन्ही पक्षांच्या बाहेर तिसरा डबा केला: 'नवरानवरी'. बाकीचे दोघे आता त्याच्याकडे बघणार होते आणि तो कोणाकडेच बघणार नव्हता. ताटातल्या जिलेब्या मोजून आकडा मोबाइलवरून ती स्वतः भरणार होती. कूलरला मात्र तिने सरळ तीन लिहिलं. त्यावर कोणी भांडलं नाही. उत्तमरावांचा फेटा आता कुठे डोक्यावर बसला होता.

एक वीसला लग्न लागलं, दीडला पंगत बसली. करिष्माने शिवमला घास भरवला, शिवमने करिष्माला. ताटात दोन जिलेब्या. प्राचीने 'दोन' टाकलं, वाढपी धावले, चारशे पानांवर दोन-दोन पडल्या. पडदा स्थिर झाला. प्राचीला वाटलं, सुटले.

पण नियम काय आहे ही बातमी पंगतीच्या दोन्ही टोकांना पोचली होती.

"शिवम्या, अजून एक घे बे!" सुलतानपूरचा एक दोस्त ओरडला. "तू नाई घेतली तं आमाले भेटत नाई!"

शिवमने लाजत घेतली. तीन. चारशे पानांवर तिसरी पडली आणि मांडवात टाळ्या झाल्या. मग करिष्माच्या मावश्या सुरू झाल्या. "घे ओ बाई, आमच्यासाठी घे!" चार. मंजुळाबाई पदर खोचून रुखवताच्या घागरी रित्या करू लागल्या. उत्तमराव आणि इंद्रभान आपापली पानं सोडून नवरानवरीच्या मागे येऊन उभे राहिले होते.

"सूनबाई, एक माह्याकडून."

"जावईबुवा, एक माह्याकडून. नाई म्हणू नका."

प्राची शेजारी उभी राहून मोजत होती. बावीसशे भागिले चारशे, माणशी साडेपाच. पाचवी उतरली तेव्हा शिवमने तिच्याकडे बघून हात जोडले. तिनेही नाइलाजाने हात जोडले. ताटात काय पडेल, हे तिच्या हातात नव्हतं.

उत्तमरावांनी सहावी ताटात ठेवली. करिष्माने ती उचलून दोन तुकडे केले. अर्धा सासऱ्याच्या तोंडात कोंबला, अर्धा ताटात ठेवला आणि मेहंदीचा हात ताटावर आडवा धरला.

"बस."

प्राचीने 'साडेपाच' टाकलं. वाढपी थबकले, मंजुळाबाईंना एकवार विचारलं आणि जिलेब्या मोडत निघाले. सुलतानपूरला साडेपाच, जानेफळला साडेपाच. कढईच्या तळाशी फक्त पाक उरला.

भगवंतराव मिशीला लागलेला पाक पुसत आले. "पोरी, बापाले गाडी आणू नको सांग. पुढच्या लग्नालेही हेच लाव."

"हाव," प्राची म्हणाली.

"पुढच्या नवरदेवाले तेवढं आधी सांगजा," शिवम पाटावरून म्हणाला. त्याला अजून उठता येत नव्हतं.